त्रेचाळिसावं घर

नीलकंठ खांबेटे हा माणूस एका जागी बसायचा नाही. पस्तीस वर्षं रेल्वेच्या रिझर्वेशनच्या खिडकीमागे बसून काढली, त्याचा सूड म्हणून की काय, रिटायर झाल्यापासून त्याचे पाय घरात ठरेनात. त्यात शरदिनीचं दुखणं आलं. बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस सुरू झालं. तेव्हापासून तो बसला तरी त्याचा एक पाय हलतच असे. शरदिनी म्हणायची, "अहो, तो पाय थांबवा, माझी खाट हलते."

बरं, डायलिसिस होईल हो, पण तिथवर पोचायचं कसं? काशीतल्या ब्रह्मा घाटावरची त्यांची गल्ली इतकी अरुंद, की समोरून गाय आली तर माणसाने कुणाच्या तरी ओट्यावर चढावं. तिथे गाडीचं नावच नको. घरापासून सडकेपर्यंत धडधाकट माणसाला सात मिनिटं लागतात. शरदिनीला पंचवीस लागायची, तीन ठिकाणी बसून. सडकेवर गल्लीच्या तोंडाशी मुन्नीलालची टोटो उभी असे. टोटो म्हणजे ती बॅटरीवरची रिक्षा. मुन्नीलाल राहायचा पार सारनाथकडे, पण सव्वासहा म्हणजे सव्वासहा. टोटो लावून तो चालत घरापर्यंत येई आणि "चलिए माताजी" म्हणत तिचा एक हात धरी, दुसरा नीलकंठ. परतताना तर तिच्यात उभं राहायचंही त्राण नसे. टोटो अगदी गल्लीच्या तोंडाशी लागली तरच बाई घरी पोचायची. त्या चार हात जागेवर तिचा जीव अडकला होता म्हणा ना.

आणि ती जागाच मिळेना! लॉजवाल्यांच्या गाड्या, यात्रेकरूंच्या गाड्या, एक जीप तर महिनोन्महिने धूळ खात पडलेली. श्रावणातल्या एका सोमवारी मुन्नीलालला टोटो फर्लांगभर लांब लावावी लागली. शरदिनी चालता चालता पानवाल्याच्या पायरीवर मटकन बसली, ती वीस मिनिटं उठलीच नाही. लोक बघत होते. नीलकंठ एका ड्रायव्हरच्या अंगावर धावून गेला, शिव्या दिल्या, दुप्पट ऐकून घेतल्या. त्या दिवशी त्याने मनाशी ठरवलं, ही जागा मोकळी करून घेतल्याशिवाय राहायचं नाही.

म्हणून गणपतीच्या आदल्या आठवड्यात पार्किंगच्या नव्या दफ्तराचा माणूस फॉर्मांचा गठ्ठा घेऊन मोहल्ल्यात आला, तेव्हा नीलकंठला देव पावल्यासारखं झालं. योजना अशी, की सडकेच्या कडेची जागा रहिवाशांसाठी राखायची. परमिट असेल त्याचीच गाडी उभी राहील, बाकीच्यांना बंदी. पण आधी मोहल्ल्याला विचारायचं. घरं चौसष्ट, घरटी एक फॉर्म, आणि दोन तृतीयांश घरं हो म्हणाली तर योजना लागू. म्हणजे त्रेचाळीस घरं हवीत. गाड्या हटल्या की टोटोला जागा, नीलकंठचा हिशेब सरळ होता.

"सब हम पर छोड़ दीजिए," नीलकंठ म्हणाला आणि गठ्ठा त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

आता ही वस्ती कुणाची? बरीचशी आपल्याच मराठी लोकांची, भिक्षुकांची, वैदिकांची. यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदाच असा, की यजमानाला पाटावर बसवायचं, लांबलचक संकल्प आपण म्हणायचा आणि शेवटी त्याला सांगायचं, "मम म्हणा." यजमान बिचारा म्हणतो, मम. कशाला मम म्हटलं, ते त्याच्या बापालाही ठाऊक नसतं. गुरुजींनी म्हटलंय ना, मग झालं! तीच सवय इथे उलटी फिरली. नीलकंठ ओट्यावर बसून फॉर्म खणखणीत आवाजात वाचायचा, मराठीत समजावून सांगायचा, आणि शेवटी बोट ठेवायचा, "इथे." जन्मभर दुसऱ्यांना मम म्हणायला लावणारे हे गुरुजी लोक चष्मासुद्धा न लावता सही ठोकायचे.

एक श्रीनिवासगुरुजी तेवढे थबकले. शरदिनीच्या माहेरचा हा शेजार, लहानपणी दोघं एकाच ओट्यावर खेळलेली. गुरुजींची बैठक पंचगंगा घाटावर.

"आणि माझे यजमान रे, जावईबापू? जळगाव-नाशकाहून गाड्या करून येतात. म्हातारी माणसं असतात."

"येतील हो चालत. शरदिनीकडे बघा जरा."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि सही केली.

असं दारोदार फिरून नीलकंठने बेचाळीस घरं केली. त्रेचाळिसावं काही होईना. ढुंढिराज म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी तर दारच लावून घेतलं. ती धूळ खाणारी जीप त्यांच्या मेहुण्याची निघाली. एकाला वेळ नव्हता, एकाला विश्वास नव्हता. अनंत चतुर्दशीला नीलकंठ जेवायला बसला आणि भाताचा घास हातातच राहिला. अरेच्चा! आपल्या घराचा फॉर्म कुठे भरलाय? तो तसाच उठला, हात धुतला आणि पेन घेतलं.

पहिलाच रकाना होता, 'गृहस्वामी का नाम'. तिथे मात्र पेन अडलं. कारण घर त्याचं नव्हतंच. घर होतं त्याच्या सासऱ्यांचं, वेणीमाधव पाळंद्यांचं. भुसावळहून बदली होऊन आलेल्या या पोराला त्यांनी आधी खोली दिली, मग मुलगी दिली, आणि जाताना घर मुलीच्या नावावर करून गेले. घरपट्टीच्या रजिस्टरात शरदिनीचंच नाव होतं. मोहल्ला चौतीस वर्षं नीलकंठला जावईबापू म्हणत आला. म्हणायचे प्रेमानेच, पण याच्या टाचेला रोज तो खडा टोचायचा. कुठल्याही फॉर्मवर घराचा मालक म्हणून तो आपलंच नाव घालायचा. विजेच्या अर्जावर, गॅसच्या अर्जावर, कुणी कधी विचारलं नाही. इथेही त्याने ठसठशीत अक्षरात लिहिलं, नीलकंठ रामचंद्र खांबेटे. सहमत. सही.

"झालं का तुमचं?" शरदिनीने खाटेवरून विचारलं.

"झालं! त्रेचाळीस! आता बघ कसा थाटात आणतो तुला." फॉर्म औषधांच्या डब्याखाली ठेवून तो पुन्हा भाताकडे वळला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने सगळा गठ्ठा दफ्तरात नेऊन दिला आणि येताना स्वतःलाच शाबासकी म्हणून पाव किलो बर्फी घेतली.

पितृपक्षातल्या बुधवारी डायलिसिसहून परतताना मुन्नीलालने टोटो थांबवली. सडकेच्या कडेला चुन्याचे ताजे पट्टे आखले होते. शरदिनी डोळे मिटून मागे रेलली होती.

"बाबूजी," मुन्नीलाल म्हणाला, "सोमवार से हमको यहाँ खड़ा नहीं होने देंगे. परमिट वाली गाड़ी लगेगी बस. टोटो चार सौ मीटर दूर."

"कौन बोला?"

"दफ्तर वाले. कहते हैं, तैंतालीस घर ने दस्तखत किया है. कोई घूम-घूम के कराया है." मुन्नीलाल थुंकला. "पता नहीं कौन है. उसके घर में कोई बीमार नहीं होगा."

नीलकंठने शरदिनीचा हात धरला आणि तिला उतरवलं, आणि गल्लीतून चालताना पंचवीस मिनिटं त्याला एवढंच कळत होतं, की मुन्नीलालने तिचा दुसरा हात धरला आहे.

तिला खाटेवर निजवून त्याने कपाट उचकलं, उरलेला एक कोरा फॉर्म शोधून काढला आणि पालथा केला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात नियम होते. परमिट फक्त मोहल्ल्यातल्या पत्त्यावर नोंदलेल्या खाजगी वाहनाला. भाड्याच्या वाहनाला, ई-रिक्षा धरून, चारशे मीटरच्या आत थांबायलाही मनाई. अहो, पस्तीस वर्षं हा माणूस खिडकीतून ओरडत होता, "टिकट के पीछे पढ़िए, सब लिखा है!" लोक वाचत नाहीत म्हणून त्यांना अडाणी म्हणत होता. आणि स्वतःच्या बायकोच्या जिवाचा कागद त्याने उलटूनही पाहिला नव्हता! त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पण खाट दोन हातांवर होती, आवाज झाला असता.

तिला सांगायची हिंमत होईना. उठला, बसला, पाणी प्यायला, पुन्हा उठला. संध्याकाळी तीन वेळा गल्लीच्या तोंडाशी जाऊन ते पट्टे पाहून आला, जणू कुणी पुसून टाकले असतील.

गुरुवारी सकाळीच तो पंचगंगेवर धावला. पुराचं पाणी नुकतंच ओसरत होतं, खालच्या पायऱ्यांवर घोटाभर गाळ, आणि वरच्या चार पायऱ्यांवर सगळी श्राद्धाची गर्दी दाटलेली. श्रीनिवासगुरुजी अकरा यजमानांना घेऊन बसले होते. समोर पिंड, दर्भ, तीळ. नीलकंठ चिखलात उभा राहूनच बोलू लागला.

"गुरुजी, सही मागे घ्या. आज चार वाजता धर्मशाळेत दफ्तराची सुनावणी आहे. घोटाळा झालाय, मी पाठीमागचं वाचलंच नाही."

"दिसत नाही का रे, पितरं ताटावर आहेत. आज चारला कोण उठणार इथून? एकही ब्राह्मण मिळायचा नाही तुला." गुरुजींनी यजमानांना हाताने थांबवलं आणि आवाज खाली आणला. "नीलकंठा, मला कळत होतं माझं नुकसान आहे म्हणून. या म्हाताऱ्यांना सोमवारपासून किती लांबून चालत आणावं लागेल माहितेय? तरी केली सही. तू शरूचं नाव घेतलंस. तू म्हटलंस, मी मम म्हटलं."

नीलकंठ वळून दुसऱ्या गुरुजींकडे निघाला.

"आणि दुसऱ्यांच्या काय दारात जातोस?" गुरुजी म्हणाले. "त्रेचाळीसच झालीत ना? मग तुझी एकट्याची काढ. जा."

खरंच की! एवढा हिशेबी माणूस, आणि हे सुचलं नव्हतं. नीलकंठ चारच्या आधी अर्धा तास धर्मशाळेत जाऊन बसला. बसला कसला, खुर्ची दोनदा बदलली. हळूहळू तीसएक माणसं जमली. ढुंढिराज पहिल्या रांगेत हाताची घडी घालून. दफ्तराच्या मॅडम तरुण होत्या, बोलायला गोड, पण नियमाला पक्क्या.

"दस्तखत वापस लेने की तारीख़ कल थी, अंकल," त्या म्हणाल्या. "अब कुछ नहीं हो सकता."

"मेरी पत्नी का डायलिसिस है. वो इतना चल नहीं सकती."

"मैं समझती हूँ. पर फॉर्म आप ही का भरा हुआ है न?" त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. पण वाईट वाटून काय होतंय? त्यांनी शेजारच्या बाबूला खूण केली. "अब सिर्फ़ नाम मिलान होगा. रजिस्टर से जिसका नाम नहीं मिलेगा, वो फॉर्म रद्द. घर का कोई हो तो 'सही है' बोल दे."

बाबू घरपट्टीचं रजिस्टर उघडून नावं पुकारू लागला. रजिस्टर जुनं, पानं चिकटलेली, अर्ध्या नोंदी धूसर. तो फारसं बघतही नव्हता. फॉर्मवरचं नाव वाचायचा, लोकांतून कुणी तरी "सही है" म्हणायचं, तो टिक करायचा. काय करायचं ते नीलकंठला लख्ख कळलं होतं, आणि तेच नेमकं करायचं नव्हतं. इथे, या सगळ्यांसमोर? ढुंढिराजसमोर? चौतीस वर्षं जे झाकलं, ते या खुर्च्यांवर उघडं करायचं? पाय थाडथाड हलत होता. गप्प बसलं तर टिक होणार, आणि सोमवारी शरदिनी पुन्हा पानवाल्याच्या पायरीवर.

"मकान नंबर के बाईस बटा इकसठ. गृहस्वामी नीलकंठ रामचंद्र खांबेटे."

"सही है," मागून कुणीतरी मदत केली.

"ग़लत है!" नीलकंठ उभा राहिला. आवाज चिरकला. "ग़लत है. घर मेरा नहीं है. मेरी पत्नी का है. उनके पिताजी का दिया हुआ. मैं..." पुढचं तो मराठीतच बोलला, कारण ज्यांना ऐकवायचं होतं ते मराठीच होते. "मी घरजावई आहे. मालक शरदिनी आहे. मी तिला न विचारता माझं नाव घातलं."

कुणी हसलं नाही. ढुंढिराज नुसते म्हणाले, "हे आम्हाला माहीतच आहे की हो, जावईबापू. बसा." झालं! ज्यासाठी जन्मभर जीव जाळला, ते साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं, आणि कुणालाच त्याचं काही नव्हतं.

मॅडमनी रजिस्टरात बोट फिरवलं. "शरदिनी, पुत्री वेणीमाधव. ठीक है, आपका फॉर्म रद्द. पर घर की राय तो लेनी पड़ेगी. पाँच बजे तक. बाबू साथ जाएँगे."

बाबूला घेऊन नीलकंठ गल्लीतून जवळजवळ पळतच निघाला. शरदिनी जमिनीवर पाटावर बसून भोपळा चिरत होती. किडनीच्या पथ्यापायी तिची भाजी आधी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावं लागे. म्हणून फोडी बारीक, एकसारख्या, परातीतल्या पाण्यात पडत होत्या. बाबू उंबऱ्याबाहेर थांबला.

"अगं, तुझी सही हवी."

"कशावर?"

नीलकंठने सांगितलं. सगळं एकदमच, उलटसुलट. मुन्नीलाल, चारशे मीटर, गुरुजी, रजिस्टर. "मी पाठीमागचं पान वाचलंच नव्हतं गं," तो शेवटी म्हणाला.

शरदिनीचा विळीवरचा हात थांबला.

"वाचलं नव्हतंत?"

"नाही. देवाशपथ नाही."

"मी वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाचा डबा उचलला, तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?" तो ओरडलाच. "दुपारपर्यंत फॉर्म घरात होता! एक शब्द बोलली असतीस तर..."

"तुम्ही विचारलंत कुठे? सगळ्या मोहल्ल्याला विचारत फिरलात." तिने भोपळ्याचा तुकडा पुन्हा उचलला, पण चिरला नाही. "आणि मला वाटलं, वाचूनच सही केलीत."

"वाचून? अगं, वाचून कोण असं करेल?"

"पस्तीस वर्षं लोकांना पाठीमागचं वाचा सांगणारा माणूस. मला काय ठाऊक, स्वतः वाचलं नसेल म्हणून?" गॅस संपलाय सांगावं, तितक्या साध्या आवाजात ती बोलत होती. "म्हटलं, दमलेत. दोन वर्षं ओढतायत मला. आता पुरे झालं असेल. म्हटलं, चूक नाही त्यांची. मग कशाला बोलायचं?"

नीलकंठ खाली बसला, तिच्यासमोर, नुसत्या फरशीवर. दोन आठवडे. दोन आठवडे ही बाई असं समजून त्याच्या हाताला धरून चालत होती. त्याला रडू फुटलं आणि त्याने ते आवरलंही नाही. त्याचा तो पाय पहिल्यांदाच मुकाट पडून होता.

"दमलोय गं," तो म्हणाला. "पण तुला नेऊन-आणून नाही. तू नसलीस तर मी काय करू, याच एका धास्तीने दमलोय."

शरदिनीने ओला हात पदराला पुसला आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवला. उंबऱ्याबाहेर बाबू खाकरला. "माताजी, पाँच बजने वाले हैं. बताइए, सहमत कि असहमत?"

नीलकंठचं तोंड सवयीने उघडलं. मग त्याने ते मिटलं.

"असहमत," शरदिनी म्हणाली. "और एक बात लिखिए. बीमार की गाड़ी, जिसकी भी हो, दस मिनट वहाँ रुकेगी."

"उसका कॉलम नहीं है इसमें, माताजी."

"तो पीछे लिखिए. पीछे बहुत जगह है."

बाबूने निमूट कागद उलटला आणि लिहिलं. शरदिनीने ते दोनदा वाचून पाहिलं, पुन्हा पालथं करून समोरचंही वाचलं, आणि मगच सही केली. "तब तो बयालीस ही रह गए," असं पुटपुटत बाबू निघून गेला. ढुंढिराजच्या मेहुण्याची जीप आता जिथल्या तिथेच राहणार होती, लॉजवाल्यांच्या गाड्याही. ते भांडण पुन्हा मुळापासून करावं लागणार होतं.

शरदिनीने विळी पुढे ओढली. "उद्या सव्वासहा. मुन्नीलालला फोन केलात?"

"नाही."

"मग करा. आणि कालचं त्याला खरं काय ते सांगा. डोळे मिटले होते माझे, कान नाही."

नीलकंठने डोळे पुसले आणि फोन लावला. तिकडून मुन्नीलाल म्हणाला, "हाँ बाबूजी?"

"मुन्नीलाल," नीलकंठ म्हणाला, "वो घूम-घूम के दस्तखत कराने वाला आदमी... उसके घर में बीमार है."